मिरजेतलं ट्रस्टचं डायलिसिस सेंटर: अडीच वर्षांचा अनुभव

आमच्या ह्यांचं डायलिसिस मिरजेतल्या एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहाची शिफ्ट. अडीच वर्षं झाली, म्हणजे साडेतीनशेच्या वर वेळा ह्यांनी त्या खुर्चीत बसून सुया टोचून घेतल्यात. नात्यात, ओळखीत कुणाचं क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात साचतं ते) वाढलं की मला फोन येतो, "कुठलं सेंटर चांगलं?" फोनवर सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहायला बसले. सेंटरचं नाव घालत नाही. ट्रस्टच्या लोकांनीच सांगितलं, "काकू, नाव नको, आत्ताच दोन महिन्यांचं वेटिंग आहे. माणसं लांबून येतात आणि परत पाठवावी लागतात." मिरजेत चौकशी केलीत तर सापडेल.

माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण त्याशिवाय मी काय बघते आणि का बघते ते कळणार नाही. कोल्हापूरला बायोकेमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत मी २८ वर्षं लॅब असिस्टंट होते. डायलिसिस हा शब्द मला पहिल्यांदा तिथे भेटला, आणि त्याचा आजारपणाशी काही संबंध नव्हता. एम.एस्सी.च्या मुलांना एन्झाइम शुद्ध करायचा प्रयोग असायचा. अमोनियम सल्फेट घालून प्रोटीन खाली बसवायचं आणि मग त्यातलं ते मीठ काढायला डायलिसिस करायचं. त्याची नळी म्हणजे अतिबारीक छिद्रांचा पडदा, मीठ त्यातून बाहेर जातं, प्रोटीन आत राहतं. ती चपटी, कोरडी, गुंडाळीत यायची. हवी तेवढी कापायची, खायच्या सोड्याच्या पाण्यात थोडं ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) घालून दहा मिनिटं उकळायची, म्हणजे तिच्यातलं ग्लिसरीन, गंधक, धातूंचे अंश निघून जातात. मग डिस्टिल्ड वॉटरनं धुवायची. नळी मऊ झाली की हातमोजे घालून, तोंड दोन बोटांत चोळून उघडायचं, खाली गाठ मारायची, आत प्रोटीन ओतायचं, वर दुसरी गाठ. वरच्या गाठीखाली दोन बोटं जागा मोकळी सोडायची, कारण आतल्या मिठामुळे बाहेरचं पाणी आत शिरतं आणि पिशवी टम्म फुगते. ज्या मुलीनं जागा सोडली नाही तिची पिशवी सकाळी फुटलेली सापडायची आणि आठवड्याचं काम वाया जायचं. मी किती जणींचे डोळे पुसलेत.

पिशवी मोठ्या बीकरमध्ये बफरच्या पाण्यात सोडायची आणि बीकर थंड खोलीत, ४ अंशाला, रात्रभर ढवळत ठेवायचा. आमचे सर पहिल्या तासालाच फळ्यावर एक हिशेब मांडायचे. आतल्या द्रावणाच्या २०० पट पाणी एकदाच घेतलं तर मीठ २०० पट कमी होतं. पण १०० पट पाणी घेऊन, ते फेकून, पुन्हा १०० पट नवं घेतलं तर १०,००० पट कमी होतं. पाणी तेवढंच, फक्त मध्ये एकदा बदललेलं. आणि शेवटी खात्री करायला बाहेरचं थोडं पाणी परीक्षानळीत घेऊन बेरियम क्लोराइडचे दोन थेंब टाकायचे. दुधासारखा पांढरा साका आला तर सल्फेट अजून शिल्लक आहे. पाणी नितळ राहिलं तरच पुढे जायचं. "वाटतंय निघालं असेल" असं म्हटलेलं सरांना चालत नसे.

२०२२ साली ह्यांच्या किडन्यांनी हात टेकले. अठरा वर्षांची शुगर होती. मानेतल्या शिरेत घातलेल्या नळीवर, म्हणजे कॅथेटरवर, सुरुवात झाली आणि नंतर डाव्या हाताला फिस्टुला केला, म्हणजे सुया टोचण्यासाठी शीर धमनीला जोडली. पहिले तीन महिने आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी जात होतो. इमारत चकचकीत, प्रत्येक बेडला टीव्ही, चहा कपबशीतून. दुसऱ्या महिन्यात एका दिवशी मशीन सुरू करून अर्धा तास झाला असेल, हे थंडीनं कडकडायला लागले. दातावर दात वाजत होते. ताप १०२. त्याच शिफ्टला आणखी दोघांना तसंच झालं. आम्हाला सांगितलं, "एसी जास्त होता, कमी केलाय." मी विचारलं, पाण्याचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, शेवटची कधी केली? उत्तर आलं, "मॅडम, तो आमचा विषय आहे." नेमकं कारण काय होतं ते आम्हाला कुणीच सांगितलं नाही, म्हणून मीही अंदाजानं काही म्हणत नाही. पण मशीनमध्ये पातळ पडद्याच्या एका बाजूनं रुग्णाचं रक्त आणि दुसऱ्या बाजूनं पाणी वाहतं, म्हणून एकाच वेळी तिघांना थंडी भरते तेव्हा पाणी आधी तपासायचं, हे मला माहीत होतं. मी त्या आठवड्यात दुसरी जागा शोधायला लागले.

मिरजेच्या ह्या सेंटरला पहिल्या दिवशी गेले तेव्हा मी फी विचारायच्या आधी म्हटलं, "मला पाण्याची खोली बघायची आहे." टेक्निशियन मुलगा तिशीतला असेल. त्याला त्यात वेगळं काही वाटलं नाही. म्हणाला, "या की काकू, चपला इथं काढा."

मागच्या अंगाला लहानशी खोली. वाळूची टाकी, सॉफ्टनर, एकापुढे एक, क्लोरीन काढून टाकणाऱ्या कार्बनच्या दोन टाक्या, मग आरओ, आणि तिथून वॉर्डात जाणारी पाइपलाइन. फरशी कोरडी. भिंतीला दोरीनं बांधलेली वही. त्यानं पहिल्या कार्बन टाकीनंतरच्या नळाचं पाणी परीक्षानळीत घेतलं, ओटीचे (क्लोरीन आहे का ते दाखवणारे) थेंब टाकले, नळी पांढऱ्या कागदासमोर धरली आणि माझ्याकडे दिली. पाणी नितळ. मग त्यानं घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली आणि सही केली. मी मागची पानं चाळली. प्रत्येक शिफ्टच्या आधीची नोंद, रविवार सोडून एकही दिवस कोरा नाही. त्या दिवशी मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, आपण इथेच यायचं.

ही ओटी टेस्ट गावाकडे सगळ्यांना माहीत असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाच्या पाण्यात तेच थेंब टाकतो आणि पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे, प्यायला हरकत नाही असं समजतो. डायलिसिसला नेमकं उलट. पिवळी छटासुद्धा दिसता कामा नये. तोंडावाटे पोटात गेलेल्या क्लोरीनचं काही होत नाही, पण तोच क्लोरीन पडद्यापलीकडून थेट रक्तात आला तर तांबड्या पेशी फुटतात. आपल्या सांगली-मिरजेत ह्याला जास्तच महत्त्व. पावसाळ्यात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे चढायला लागलं की नळाचं पाणी गढूळ येतं आणि त्यात ब्लीचिंग पावडरही जास्त पडते. त्या दिवसांत हा मुलगा शिफ्टच्या मध्येही जाऊन थेंब टाकून येतो. मी बघितलंय.

आता हिशेब करा. मशीनमधून मिनिटाला ५०० मिली पाणी जातं. चार तासांचं १२० लिटर. आठवड्यात तीन वेळा म्हणजे ३६० लिटर. आपण पितो त्या दोन-तीन लिटरला मध्ये आतडं असतं, ते निवडून घेतं. इथे रक्त आणि पाणी ह्यांच्यात केसाहून पातळ पडदा आहे आणि त्याला निवडता येतं ते फक्त आकारावरून. युरियाच्या रेणूचं वजन ६०, क्रिएटिनिनचं ११३, ते पलीकडे जातात. अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन ६६ हजारांच्या घरातलं, ते आत राहतं. पण पाण्यातलं विष लहान रेणूचं असेल तर तेही तितक्याच सहज आत येतं. ब्राझीलमधल्या कारुआरू गावात १९९६ मध्ये एका सेंटरला नीट शुद्ध न केलेलं पाणी आलं, त्यात शेवाळाचं विष होतं, आणि पन्नासहून जास्त रुग्ण दगावले. हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही. दोरीनं बांधलेली ती वही बघून मला शांत झोप का लागते, ते कळावं म्हणून लिहिते.

डायलायझरबद्दल, म्हणजे ज्याच्यात रक्त शुद्ध होतं त्या नळकांड्याबद्दल, लोक मला सगळ्यात जास्त विचारतात. "तिथं एकच परत परत वापरतात म्हणे?" हो, वापरतात. ज्याचा त्याचा वेगळा, पण धुऊन पुन्हा. हातभर लांबीचंही नसलेलं ते नळकांडं, आत दहा हजारांच्या आसपास पोकळ तंतू, प्रत्येकाची पोकळी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी. रक्त तंतूंच्या आतून जातं, पाणी बाहेरून, उलट्या दिशेनं. पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मला आमची नळी आठवली. आमची बोटाएवढी जाड आणि बीकर स्थिर. इथे तंतूच तंतू, आणि पलीकडचं पाणी दर क्षणाला नवं. सरांच्या फळ्यावरचा "पाणी बदला" इथे चार तास अखंड चालू असतो.

पुन्हा वापरण्यात वाईट काही नाही, शिस्त असेल तर. इथली शिस्त अशी. धुतल्यावर तंतूंमध्ये किती पाणी मावतं ते मोजतात. ह्यांचा नवा असताना १०२ मिली होतं. ८० टक्क्यांच्या खाली गेलं की डायलायझर टाकून देतात, घासाघीस नाही. आत पेरासिटिक ॲसिड भरून ठेवतात, त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. लावायच्या आधी धुऊन, कागदी पट्टी बुडवून त्याचा अंश उरला नाही ना ते बघतात. आणि मग डायलायझर ह्यांच्या डोळ्यांसमोर धरून विचारतात, "काका, नाव वाचा." ह्यांनी चष्मा लावून पूर्ण नाव वाचल्याशिवाय तो मशीनला लागत नाही. सकाळच्या शिफ्टला तीन पाटील आहेत. त्यांच्या डायलायझरवर लाल पट्टी असते आणि त्यांना नावासोबत गावही वाचायला लावतात. हिपॅटायटिस बी असलेल्यांचं मशीन निराळं, खोली निराळी. ह्यांना त्या काविळीच्या लसीचे चार डोस आल्या आल्या सुरू केले.

सुया. ह्याबाबतीत सगळं गोड नाही. जुने दोघे टेक्निशियन फिस्टुलावर हात ठेवून आतली थरथर बघतात, कानाला स्टेथोस्कोप लावतात आणि मग टोचतात. एका झटक्यात, ह्यांना कळतही नाही. पण मागच्या दिवाळीत एक नवीन मुलगी आली. तिची सुई आरपार गेली. कोपरापासून मनगटापर्यंत हात काळानिळा झाला, दोन वेळा डायलिसिस एकाच सुईवर ओढत करावं लागलं. तिनं माफी मागितली, सिस्टरनं घरी फोन करून बर्फ कसा लावायचा ते सांगितलं. चूक झाली त्याचं एवढं नाही. पण नव्या माणसाला पहिले काही महिने जुन्याच्या हाताखालीच टोचू द्यावं, असं मी ट्रस्टींना सांगितलं. आता तसं करतात.

वजनाबाबत हे लोक कडक आहेत आणि ते मला आवडतं. ह्यांचं कोरडं वजन, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं, ५८.५ किलो. शनिवारनंतर दोन दिवसांची सुट्टी पडते म्हणून मंगळवारी सव्वादोन-अडीच किलो वाढ असते. मागे एकदा पुतण्याच्या लग्नात जेवण आणि मठ्ठा झाला आणि चार किलो वाढले. हे म्हणाले, "काढून टाका सगळं आजच." सिस्टर म्हणाल्या, "काका, तासाला तुमच्या वजनाच्या किलोमागे १३ मिलीच्या वर पाणी ओढणार नाही. हृदयाला झेपत नाही. तीन काढते, उरलेलं उद्या या." आणि दुसऱ्या दिवशी खरंच दोन तासांची जागा करून दिली. आधीच्या ठिकाणी एका दमात साडेतीन काढलेले, तेव्हा पायाला असे गोळे आले होते की हे ओरडले होते.

दर महिन्याला रक्तातला युरिया तपासतात, डायलिसिसच्या आधीचा आणि नंतरचा. नंतरचा नमुना घेताना पंपाचा वेग कमी करून थोडं थांबतात आणि मग रक्त घेतात. लगेच घेतलं तर नुकतंच धुतलेलं रक्त मिसळून आकडा उगाच चांगला दिसतो. माझ्या मनात ह्या एका गोष्टीनं त्यांची किंमत फार वाढली, कारण खोटा चांगला आकडा कुणाला नको असतो? गेल्या महिन्यात आधी १२८, नंतर ४०. म्हणजे ६९ टक्के निघाला. ६५ च्या खाली गेला की डॉक्टर वेळ वाढवतात. बेरियम क्लोराइडचे थेंब टाकून वाट बघायची सवय असलेल्या मला हे आकडे घरच्या वहीत लिहिताना बरं वाटतं.

डॉक्टर आठवड्यातून दोनदाच येतात, हे लिहायला हवं. एरवी फोनवर. रात्री सातनंतर सेंटरचा फोन कुणी उचलत नाही, तेव्हा धाप लागली तर थेट मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीला जायचं, असं आधीच ठरवून ठेवा. पण आले की डॉक्टर प्रत्येकाशी बोलतात. आम्हाला त्यांनी घरी पोटातून करायच्या डायलिसिसची माहितीही सांगितली होती. तिथे पोटातलं अस्तरच पडद्याचं काम करतं. ह्यांची नजर कमी आणि माझे गुडघे, रोजच्या पिशव्या उचलणं जमणार नव्हतं, म्हणून आम्ही नाही म्हटलं. शेजारच्या खुर्चीतल्या २४ वर्षांच्या मुलाचं नाव पुण्याला किडनीच्या यादीत घालायला त्यांनीच पाठपुरावा केला.

आहाराचं मार्गदर्शन कमी पडतं. एक छापील कागद देतात, तोही जुना. त्यात बटाटा खाऊ नका, केळं खाऊ नका, नारळपाणी बंद, एवढंच. आपल्याकडच्या बेदाण्याचा उल्लेखच नाही. तासगावच्या पाहुण्यांकडून डबाभर बेदाणे येतात, माणूस येता-जाता चिमूट तोंडात टाकतो आणि रक्तातलं पोटॅशियम वाढतं, जे बिघडलेल्या किडनीला बाहेर टाकता येत नाही. मी स्वतः बोलून ते त्यात घालायला लावलं. आणखी एक, "कमी सोडियमचं मीठ" म्हणून पाकिटं मिळतात, ती अजिबात आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं.

भाज्या पाण्यात सोडून पोटॅशियम काढायला सांगतात, पण कसं ते कुणी नीट सांगत नाही. म्हणून मी वॉर्डातल्या बायकांना सांगते. हेही डायलिसिसच आहे. भाजीच्या आत पोटॅशियम, बाहेर पाणी. बटाटा सोलून पातळ काप करा, जाड फोडी नकोत, कारण आतलं बाहेर यायला वाट जवळ पाहिजे. भरपूर कोमट पाण्यात ठेवा. ते पाणी फेका, पुन्हा नवं घ्या. मग भरपूर पाण्यात उकळा आणि तेही फेका. एकाच पातेल्यात दिवसभर ठेवून उपयोग नाही. परवा कवठेमहांकाळच्या एक ताई म्हणाल्या, "मी तेच पाणी आमटीला घालत होते हो, सत्त्व जाऊ नये म्हणून." त्यांच्या नवऱ्याचं पोटॅशियम दर वेळी सहाच्या वर का जायचं ते तेव्हा कळलं. एवढी साधी गोष्ट सांगायला सेंटरनं महिन्यातून एक दिवस तरी आहारतज्ज्ञ बोलवावी. ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे.

पैशांचं थोडक्यात. आधीच्या ठिकाणी एका वेळचे अडीच हजार जात होते. इथे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसलं की डायलिसिसचे पैसे लागत नाहीत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलाशी जा, तो मुलगा नीट सांगतो. रक्त वाढवायची इंजेक्शनं आणि फॉस्फरस कमी करायच्या गोळ्या ह्यांचा खर्च आम्हाला वेगळा येतो, त्याची तयारी ठेवा. एसटीनं येणाऱ्यांनी डायलिसिसच्या रुग्णाची सवलत विचारून घ्या. आमच्या शिफ्टच्या निम्म्या लोकांना ती माहीतच नव्हती.

नातेवाइकांना बसायला व्हरांड्यात बाक आहेत, पावसात भिजतात. टीव्ही एकच, तोही बहुतेक बंद. एसीमुळे आत गार लागतं, पांघरूण घरून न्या. मावशी मात्र अशा आहेत की एकट्या आलेल्या म्हाताऱ्या माणसाचा डबा उघडून त्याला दोन घास भरवतात, कुणी न सांगता.

एक गोष्ट अजून झालेली नाही. वजनकाट्याला धरायला दांडा नाही. डायलिसिस संपल्यावर बीपी उतरलेलं असतं आणि त्याच वेळी माणसाला त्या वीतभर उंच काट्यावर चढावं लागतं. मागच्या महिन्यात एका आजींचा तोल गेला, वॉर्डातल्या मामांनी सावरलं म्हणून निभावलं. मी लेखी अर्ज दिला, शिफ्टमधल्या अकरा जणांच्या सह्या घेऊन. शनिवारी फॅब्रिकेटर येऊन माप घेऊन गेलाय.